ताण, शस्त्रक्रिया आणि कर्करोगाचा प्रसार: प्रतिकारशक्ती जपण्याचे मोजके आठवडे

प्रश्न कोल्हापूरच्या एका मुलीचा आहे. तिची आई ५८ वर्षांची आहे. आईंनी दोन वर्षे वडिलांचे आजारपण काढले आणि आठ महिन्यांपूर्वी वडील गेले. आता आईंच्या स्तनातील गाठ बायोप्सीत कर्करोगाची निघाली असून तीन आठवड्यांनी शस्त्रक्रिया ठरली आहे. मुलीला चार गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. दुःखाने आईची प्रतिकारशक्ती खचली आणि त्यामुळे आजार पसरेल का? मन सावरेपर्यंत शस्त्रक्रिया पुढे ढकलावी का? रक्तदाबाच्या एका गोळीने प्रसार थांबतो असे ऐकले आहे, ते खरे आहे का? आणि भाऊ म्हणतो त्याप्रमाणे रिपोर्ट आईपासून लपवून ठेवावा का?

पहिल्या प्रश्नात एक अपराधी भावना दडलेली आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करते. वडिलांची सेवा केल्यामुळे किंवा त्यांच्या जाण्याच्या दुःखामुळे आईंना कर्करोग झाला, असे मानायला आधार नाही. कामाचा ताण आणि कर्करोग यांचा संबंध शोधण्यासाठी युरोपातील १२ अभ्यासांमधील सुमारे १ लाख १६ हजार लोकांची माहिती २०१३ मध्ये एकत्र तपासली गेली, आणि तणावाचे काम करणाऱ्यांमध्ये कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. २०२३ मध्ये तीन लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरून नैराश्य आणि चिंता यांचाही असाच विचार झाला, आणि स्तनाच्या कर्करोगाशी त्यांचा संबंध दिसला नाही. शिवाय हाताला लागण्याइतकी गाठ तयार व्हायला बहुधा काही वर्षे लागतात, त्यामुळे आईंच्या गाठीची सुरुवात बाबांच्या निधनाच्या बऱ्याच आधी झालेली असणार. हे आईंना आवर्जून सांगा, कारण अनेक बायका हा दोष मनात घेऊन आम्हा डॉक्टरांसमोर बसतात आणि तो बोलूनही दाखवत नाहीत.

मात्र कर्करोग होणे आणि झालेला कर्करोग पसरणे या दोन वेगळ्या घटना आहेत. ताणाचा संबंध दुसऱ्या घटनेशी अधिक आहे, आणि हा फरक समजला की पुढचे सगळे समजणे सोपे जाते. गाठीतून काही पेशी सुटून रक्तात किंवा लसिकेत (लिंफ या शरीरद्रवात) शिरतात. त्यांतील बहुतेक पेशी तिथेच मरतात आणि अगदी थोड्या पेशी फुप्फुसात, यकृतात किंवा हाडात जाऊन रुजू शकतात. त्यांना वाटेतच गाठून मारणाऱ्या आपल्या पेशींमध्ये ‘नैसर्गिक मारक पेशी’, म्हणजे एनके पेशी, महत्त्वाच्या आहेत. त्यांचा शोध १९७५ च्या सुमारास लागला. परक्या पेशीशी आधी ओळख झालेली नसली तरी त्या हल्ला करू शकतात. आपल्या निरोगी पेशींवर ओळखीची जी खूण असते ती जिच्यावर दिसत नाही, अशी पेशी त्यांच्या निशाण्यावर येते. गाठ मोठी झाल्यावर या पेशींचे फारसे चालत नाही, परंतु एकट्यादुकट्या भटक्या कर्कपेशीसमोर त्या प्रभावी ठरतात.

या एनके पेशींच्या पृष्ठभागावर ॲड्रेनालिन आणि नॉरॲड्रेनालिन या तणावसंप्रेरकांना प्रतिसाद देणारे ग्राहक, म्हणजे संदेश टिपणाऱ्या जागा, असतात. जखम झालेल्या ऊतीतून आणि स्वतः गाठीतूनही प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये बाहेर पडतात, त्यांचेही ग्राहक या पेशींवर असतात. दोन्ही संदेश पेशीच्या आत एकाच ठिकाणी जाऊन मिळतात आणि तिची मारकशक्ती मंदावते. त्यात कॉर्टिसॉल या आणखी एका तणावसंप्रेरकाची भर पडली की हा परिणाम आणखी वाढतो. एवढ्यावरच हे थांबत नाही, कारण हेच संदेश गाठीभोवती नव्या रक्तवाहिन्या वाढायला आणि कर्कपेशींना हालचाल करायलाही मदत करतात. २००६ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी अंडाशयाच्या कर्करोगाच्या उंदरांवर हे दाखवून दिले. २०१० मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या उंदरांवर झालेल्या प्रयोगात दीर्घ ताणामुळे मूळ गाठ फारशी वाढली नाही, पण दूरच्या अवयवांतील प्रसार सुमारे तीस पटींनी वाढला. उंदरांतील आकडे माणसाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. तरीही त्यांवरून दिशा कळते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ॲड्रेनालिन वाढले की प्रतिकारशक्ती घटलीच, असे नाही. भरभर चालताना किंवा जिना चढताना ॲड्रेनालिन थोडा वेळ वाढते, तेव्हा एनके पेशी रक्तात मोठ्या संख्येने उतरतात. २०१६ मध्ये डेन्मार्कमध्ये चाकावर धावणाऱ्या उंदरांमध्ये याच मार्गाने गाठींची वाढ निम्म्याहून अधिक घटल्याचे दिसले. त्रास होतो तो आठवडेच्या आठवडे न उतरणाऱ्या ताणाचा, आणि शस्त्रक्रियेसारख्या एकाच वेळी कोसळणाऱ्या मोठ्या ताणाचा. दोन वर्षे रुग्णाची सेवा करणे हा पहिल्या प्रकारचा ताण होय. अमेरिकेत १९९५ मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची काळजी घेणाऱ्या बायकांच्या त्वचेवर एकसारखी छोटी जखम करून पाहिले, तेव्हा त्यांची जखम भरायला इतर बायकांपेक्षा सरासरी नऊ दिवस जास्त लागले. तेव्हा आईंच्या शरीरावर गेल्या दोन वर्षांचा परिणाम झाला असेल, हे मी नाकारत नाही. तो परिणाम भरून काढता येतो, आणि तो भरून काढण्याची वेळ आता आहे.

आता गाभ्याच्या मुद्द्याकडे येते. तुम्हा सर्वांना आईंच्या मनातल्या दुःखाची भीती वाटते, पण प्रतिकारशक्तीच्या दृष्टीने सगळ्यांत नाजूक काळ शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधीपासून ते नंतरच्या दोनतीन आठवड्यांपर्यंतचा असतो. मी अनेक वर्षे स्तनांच्या शस्त्रक्रिया करते आहे, आणि ही गोष्ट आम्ही रुग्णांना पुरेशी सांगत नाही, असे मला वाटते. गाठ काढणे हाच उपचाराचा कणा आहे, यात शंका नाही. परंतु गाठीला हात लागतो तेव्हा काही पेशी रक्तात सुटू शकतात. जखमेमुळे प्रोस्टाग्लँडिन वाढतात, भीती आणि वेदना यांमुळे ॲड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल वाढतात, शरीर थंड पडते, आणि नेमक्या याच काळात एनके पेशी काही दिवस मंदावलेल्या असतात. तेल अविव विद्यापीठातील शामगर बेन-एलियाहू यांनी १९९१ पासून उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की ताण आणि रक्तात सुटलेल्या कर्कपेशी यांची वेळ जुळली की फुप्फुसातील गाठी वाढतात, आणि दोन्हींमध्ये एका दिवसाचे अंतर पडले की तसे होत नाही. ताण किती आहे याइतकेच तो केव्हा आहे यालाही महत्त्व आहे, असा याचा अर्थ.

तुम्ही ऐकलेली रक्तदाबाची गोळी याच संशोधनातून पुढे आली. तिचे नाव प्रोप्रॅनोलॉल. ॲड्रेनालिनचा संदेश ती अडवते आणि तिच्या जोडीला दिले जाणारे इटोडोलॅक हे वेदनाशामक प्रोस्टाग्लँडिन कमी करते. वर सांगितलेले दोन्ही संदेश एकाच वेळी अडवावेत, असा त्यामागचा विचार आहे. २०१७ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या ३८ स्त्रियांना शस्त्रक्रियेच्या पाच दिवस आधीपासून एकूण ११ दिवस ही औषधे किंवा तुलनेसाठी औषध नसलेल्या नुसत्या गोळ्या देऊन पाहिले, तेव्हा औषधे घेतलेल्यांच्या गाठींमध्ये प्रसाराकडे झुकणारी लक्षणे कमी आढळली. २०२० मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ३४ रुग्णांवर असाच प्रयोग झाला आणि त्यातही चित्र आशादायक होते. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात ६० स्त्रियांना शस्त्रक्रियेपूर्वी एक आठवडा एकटे प्रोप्रॅनोलॉल देऊन गाठीतील बदल तपासले गेले, त्याचेही निष्कर्ष याच दिशेचे होते. मला या कामाविषयी मनापासून आस्था आहे. परंतु तीन डझन, पाच डझन रुग्णांच्या प्रयोगांवरून आयुष्य वाढते असे म्हणता येत नाही. प्रोप्रॅनोलॉलने दमा असलेल्या रुग्णाचा श्वास अडकू शकतो, नाडी फार मंद होऊ शकते, आणि मधुमेहाच्या औषधांवर असलेल्या व्यक्तीची साखर घसरली तर छातीतील धडधड ही धोक्याची खूण झाकली जाते. दुसऱ्या गोळीने मूत्रपिंडावर भार पडू शकतो आणि रक्तस्राव वाढू शकतो. त्यामुळे दुकानातून आणून ही औषधे स्वतः सुरू करू नका. आईंना रक्तदाबासाठी या प्रकारचे औषध आधीपासून चालू असेल तर ते अचानक बंदही करू नका, आणि भूलतज्ज्ञांना त्याचे नाव अवश्य सांगा.

याउलट एक साधी गोष्ट अशी आहे, जिची मोठी चाचणी आपल्याकडेच झाली. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या नेतृत्वाखाली देशातील ११ केंद्रांमध्ये, डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या सुरुवातीच्या टप्प्यातील कर्करोगाच्या जवळपास सोळाशे स्त्रियांवर हा अभ्यास केला. निम्म्या स्त्रियांना नेहमीप्रमाणे शस्त्रक्रिया करण्यात आली. उरलेल्या निम्म्यांना गाठ कापण्याच्या सात ते दहा मिनिटे आधी, गाठीच्या सर्व बाजूंनी लिडोकेन हे जागा बधिर करणारे औषध टोचण्यात आले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पाच वर्षांनंतर आजार न उलटता जगणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण साध्या शस्त्रक्रियेच्या गटात ८२.६ टक्के आणि लिडोकेनच्या गटात ८६.६ टक्के होते, तर हयात असणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे ८६.४ आणि ९०.१ टक्के होते. दात काढताना वापरतात तेच हे औषध. ते अतिशय स्वस्त आहे आणि तालुक्याच्या ठिकाणीही मिळते. कर्कपेशींच्या हालचालीसाठी लागणारे सोडियमचे मार्ग ते बंद करते आणि चाकू लागताना त्या जागी उठणारे संदेश थोपवते, असा तर्क आहे. या चाचणीत दुसऱ्या गटाला खोटे इंजेक्शन दिलेले नव्हते, आणि इतर देशांत तिची पुनरावृत्ती व्हायला हवी, हे आक्षेप योग्यच आहेत. तरीही फायदा आणि धोका यांचा ताळमेळ पाहता, केमोथेरपी न घेता थेट शस्त्रक्रिया होणार असलेल्या रुग्णाच्या बाबतीत मी हे इंजेक्शन देते. तुमच्या सर्जनना याविषयी विचारायला संकोच करू नका.

भुलेच्या प्रकाराबद्दल मात्र अपेक्षा वाढवून घेऊ नका. पाठीच्या कण्याजवळ नसा बधिर करून भूल दिली तर आजार कमी उलटतो, अशी आम्हा अनेकांची धारणा होती. २०१९ मध्ये आठ देशांतील २,१०८ स्त्रियांच्या चाचणीत तसा फरक आढळला नाही. नसा बधिर केल्याने वेदना कमी होतात, आणि तेवढ्यासाठीही ती पद्धत चांगली आहे. आजार उलटू नये म्हणून ती हवीच, असा आग्रह धरण्याचे कारण उरलेले नाही.

शस्त्रक्रिया पुढे ढकलू नका. मन सावरायला महिने लागतात आणि गाठ तेवढे थांबत नाही. २०२० मध्ये अनेक कर्करोगांची माहिती एकत्र करून असे दिसले, की शस्त्रक्रियेला चार आठवडे उशीर झाला की मृत्यूचा धोका साधारण सहा ते आठ टक्क्यांनी वाढतो. ठरलेली तारीख पाळा आणि हातात असलेले तीन आठवडे तयारीसाठी वापरा.

या तयारीत मी सर्वांत आधी वेदनेचा विचार करते. आपल्याकडच्या आईच्या पिढीला सोसण्याची सवय आहे. ‘थोडं दुखतंच, त्यात काय’ असे म्हणत त्या रात्रभर कण्हत राहतात आणि सकाळी राउंडला विचारले की ‘बरं आहे’ म्हणतात. उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले आहे, की शस्त्रक्रियेनंतर वेदना नीट शमवली तर प्रसार कमी होतो. माणसांत हे तितकेसे सिद्ध नसले तरी न शमवलेली वेदना झोप उडवते, ॲड्रेनालिन वाढवते, खोल श्वास घेऊ देत नाही आणि माणसाला पलंगावर खिळवून ठेवते. त्यामुळे ‘दुखलं तर गोळी’ या पद्धतीऐवजी ठरावीक वेळी वेदनाशामक द्यावे, अशी विनंती डॉक्टरांना आधीच करा. दुखणे शून्य ते दहा यांपैकी किती आहे, हे आईंना दिवसातून तीन-चार वेळा विचारा आणि आकडा वहीत लिहा. आकडा पाचाच्या वर गेला तर नर्सना बोलवा. वेदना सांगणे म्हणजे तक्रार करणे नव्हे, हे आईंना आजपासूनच पटवून द्यायला लागा.

दुसरी गोष्ट ऊब. शस्त्रक्रियागृहात थंडी असते आणि भुलेमुळे शरीर स्वतःची उष्णता राखू शकत नाही. आतड्याच्या शस्त्रक्रियेच्या २०० रुग्णांवर १९९६ मध्ये झालेल्या चाचणीत, उबदार ठेवलेल्या गटात जखमेचा संसर्ग ६ टक्के आणि थंड पडलेल्या गटात १९ टक्के होता. ऊब देण्याची साधने आता बहुतेक चांगल्या रुग्णालयांत असतात. ती वापरली जातील ना, एवढे भूलतज्ज्ञांना विचारून ठेवा.

आईंचे हिमोग्लोबिन आणि साखर या आठवड्यातच तपासून घ्या. आपल्याकडील बायकांमध्ये रक्त कमी असणे इतके सर्रास आहे, की ते कुणाला खटकतही नाही. मग ऐन वेळी रक्त चढवावे लागते, आणि ते शक्य तितके टाळलेले बरे, कारण दुसऱ्याचे रक्त काही काळ प्रतिकारशक्ती दबवते. तीन आठवड्यांत लोहाच्या इंजेक्शनाने पुष्कळ फरक पडू शकतो. आईंना मशेरी किंवा तंबाखूची सवय असेल तर ती आजच सुटली पाहिजे, कारण जखम भरण्याला तिचा थेट अडथळा होतो. ही सवय अनेक घरांत लाजेपोटी लपवली जाते, म्हणून मुद्दाम लिहिते. जेवणात रोज पुरेशी डाळ, उसळ, दूध, दही आणि चालत असल्यास अंडी असू द्या. उपास-तापास या महिन्यात नकोत. नवस बोललेला असेल तर तो बरे झाल्यावर फेडता येईल. सकाळ-संध्याकाळ अर्धा तास, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या वेगाने चालणे, आणि दिवसातून काही वेळा दीर्घ श्वसन, एवढा व्यायाम पुरे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ८८९ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. तीन वर्षे नियोजित व्यायाम केलेल्या गटात पाच वर्षांनंतर आजार न उलटलेल्यांचे प्रमाण ८०.३ टक्के होते, आणि केवळ माहितीपुस्तिका मिळालेल्या गटात ७३.९ टक्के. ही चाचणी दुसऱ्या अवयवाच्या कर्करोगाची आहे, हे लक्षात ठेवूनही, चालण्यावर माझा विश्वास तिच्यामुळे वाढला.

प्रतिकारशक्ती वाढवणारे म्हणून नातेवाईक जे काढे आणि चूर्णे आणून देतील, ती मात्र शस्त्रक्रियेच्या आधी घेऊ नका. आणणाऱ्याच्या मनात माया असते, म्हणून नाही म्हणणे अवघड जाते, हे मला ठाऊक आहे. परंतु कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये नोंदवले आहे. भूल आणि पुढची केमोथेरपी यांसाठी यकृत निरोगी असणे आवश्यक असते. काही वनस्पतींनी रक्त पातळ होते, हाही धोका आहे.

आता मनाविषयी. १९८९ मध्ये अमेरिकेत पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या ८६ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गटात बसून मन मोकळे करणाऱ्या स्त्रिया इतरांपेक्षा जवळपास दुप्पट जगल्या, असे त्यात दिसले आणि साऱ्या जगाला आशा वाटली. २००१ मध्ये कॅनडात २३५ स्त्रियांवर तीच पद्धत वापरली, तेव्हा आयुष्य वाढले नाही, पण मनाचा त्रास आणि वेदना कमी झाल्या. २००८ मध्ये ओहायोतील २२७ स्त्रियांचा अभ्यास आला. त्यांचा आजार पसरलेला नव्हता. शस्त्रक्रियेनंतर लगेच त्यांच्यापैकी निम्म्यांना ताण हाताळण्याचे, आहाराचे आणि व्यायामाचे वर्षभर शिक्षण दिले गेले, आणि सुमारे अकरा वर्षांच्या पाठपुराव्यात त्या गटात आजार उलटण्याचा धोका बराच कमी आढळला. या तिन्हींवरून माझे मत असे बनले आहे, की मनाला आधार देण्याचा शरीराला लाभ होत असेलच तर तो आजार पसरण्यापूर्वी, सुरुवातीच्या काळात होतो. आणि तो झाला नाही तरी आधार द्यायलाच हवा, कारण त्रास कमी होणे हे स्वतःच एक फळ आहे. ‘तू अजिबात टेन्शन घेऊ नकोस, नाहीतर आजार वाढेल’ हे वाक्य मात्र घरात कुणी उच्चारू नये. ते ऐकून चिंता कमी होत नाही, उलट चिंता केल्याची चिंता वाढते. आईंना बाबांची आठवण येऊन रडू आले तर रडू द्या. रडण्याने कर्करोग पसरत नाही. झोप सलग आठवडाभर लागत नसेल, अन्नावरची वासना उडाली असेल किंवा जगण्यात रस वाटत नाही असे त्या म्हणत असतील, तर शस्त्रक्रियेची वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

भावाच्या म्हणण्याचे उत्तर यातच आहे. त्याचा हेतू आईला जपण्याचा आहे. परंतु ज्या रुग्णापासून निदान लपवले जाते, तिला घरातली कुजबुज ऐकू येते, दाराआड थांबलेले बोलणे कळते, आणि नाव नसलेली भीती नाव असलेल्या भीतीपेक्षा अधिक जागवते. संमतिपत्रावर सही आईंनाच करायची आहे, केमोथेरपीच्या वॉर्डाबाहेरची पाटीही त्या वाचणार आहेत. वेदना सांगा, चाला, मशेरी सोडा, असे आपण त्यांच्याकडून मागणार आहोत, आणि ते कशासाठी हे त्यांना ठाऊक नसेल तर त्या ते करणार नाहीत. पुढच्या भेटीला आईंना आत घेऊन या. निदान डॉक्टरांनी सांगावे, तुम्ही दोघे भावंडे शेजारी बसा. घरून निघताना एक वही न्या. वेदनाशामकाची वेळापत्रके, उबेची सोय, हिमोग्लोबिन, गाठीभोवतीचे लिडोकेन हे चार प्रश्न तुम्ही लिहून ठेवा, आणि त्याखाली अर्धे पान कोरे सोडा. ते आईंच्या प्रश्नांसाठी असेल, आणि ते त्यांनी स्वतः विचारावेत.